इओसिनोफिल ९,२८०

भंडाऱ्यातल्या माझ्या रक्त तपासणी केंद्रात त्या सकाळी आलेल्या तिशीतल्या तरुणाने ॲलर्जीच्या एका जाडजूड अहवालावर विसंबून चार महिन्यांपासून गहू, दूध, वांगे आणि तुरीची डाळ सोडली होती. वजन सात किलोंनी उतरले होते, पण मध्यरात्रीनंतरचा खोकला आणि धाप तशीच होती. तो अहवाल आयजीजी या प्रतिपिंडाचा होता. रोजच्या अन्नाविरुद्धचे आयजीजी निरोगी माणसाच्या रक्तातही सापडते. त्यावरून कोणाच्या ताटातले पदार्थ काढून घेणे मला अक्षम्य वाटते.

यंत्राने पांढऱ्या पेशी १६,००० दाखवल्या आणि वर्गवारीपुढे शंकेची खूण उमटवली, म्हणून लिशमन रंग दिलेली काच मी स्वतः पाहिली. शंभरातल्या ५८ पेशी इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत आणि जंतांविरुद्ध वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, होत्या: दोन पाळ्यांचे केंद्रक आणि भोवती नारिंगी कणांची गच्च दाटी. हिशेब ९,२८० चा आला. एरवी तो ५०० च्या आत असतो. एकूण आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारे प्रतिपिंड, ४,८०० युनिट इतके चढे निघाले, मात्र धुळीतले कीटक, झुरळ आणि परागकण यांचे विशिष्ट आयजीई ०.३५ च्या खालीच, म्हणजे निगेटिव्ह, होते. दम्याच्या रुग्णात एकूण आयजीई वाढते हे खरे, परंतु जंतांविरुद्धही शरीर हेच हत्यार उपसते, आणि पूर्व विदर्भात जंतांमुळेच होणारा हत्तीपायाचा रोग, म्हणजे फायलेरिया, आहे.

मी त्याच्या डॉक्टरांना फोन केला. “मॅडम, रात्रीचे रक्त तर निगेटिव्ह होते,” ते म्हणाले. फायलेरियाच्या जंतांमुळे होणाऱ्या ट्रॉपिकल पल्मोनरी इओसिनोफिलिया या विकारात, एरवी रात्री रक्तात दिसणारे सूक्ष्म जंत फुप्फुसातच अडकून मारले जातात, त्यामुळे रात्री रक्त घेऊनही ते काचेवर दिसत नाहीत, हे मी सांगितल्यावर त्यांनी फायलेरियाची प्रतिपिंडे तपासायला लावली. ती भरपूर निघाली. डीईसी या जंतनाशक औषधाच्या गोळ्या तीन आठवडे दिल्या. खोकला पहिल्याच आठवड्यात थांबला आणि महिन्याने इओसिनोफिल १,१०० वर आले.

मात्र जुनी नोंद शोधताना आमच्याच रजिस्टरमध्ये याच तरुणाचा दोन महिन्यांपूर्वीचा ६,१०० चा आकडा सापडला. “इओसिनोफिलचे प्रमाण वाढलेले” एवढेच लिहून मी सही केली होती, फोन केला नव्हता. आता ३,००० च्या वरचा प्रत्येक आकडा मी स्वतः कळवते. हा आजार लांबला तर फुप्फुसात कायमचे व्रण राहू शकतात. फुंकण्याच्या चाचणीत त्याची क्षमता अजून पूर्ण भरून आलेली नाही, आणि त्यातला किती वाटा त्या दोन महिन्यांचा, हे मी त्याच्या डॉक्टरांना आतापर्यंत दोनदा विचारले आहे.