मीठ थोडं कमी, तरी आमटी आमटीसारखी

मिठाची किलोची पिशवी फोडाल तेव्हा कॅलेंडरवर तारीख लिहा आणि संपेल त्या दिवशी दिवस मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जायला हवं. चौघांचं महिन्याचं ६०० ग्रॅम होतं, म्हणजे किलोची पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी. महिन्याभरात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर चाललंय, आणि यात बाहेरून आणलेलं फरसाण, पापड, बिस्किटं धरलेलीच नाहीत.

मग कुणीतरी ‘मीठ कमी करा’ म्हणतं, आणि दुसऱ्या दिवशी आमटीत निम्मंच मीठ पडतं. आमटी पाणचट लागते, घरचे कुरकुरतात आणि चौथ्या दिवशी मिठाची बरणी ताटाशेजारी येऊन बसते. मीठ काढलं, पण त्याच्या जागी काही आलं नाही, म्हणून असं होतं. ती जागा मसाला, आंबट आणि हिरवा पाला भरून काढू शकतात. अट एवढीच, की मसाला ताजा हवा आणि तो योग्य वेळी पडायला हवा. दोन वर्षांची धणेपूड दोन चमचे घातली तरी पदार्थ दाट होतो, चव येत नाही.

सगळ्यात सोपी मदत आंबटाची. आमसूल, चिंच, लिंबू, कैरी, आमचूर यांतलं काहीही असलं की तेवढंच मीठ जिभेला जास्त लागतं. म्हणून आधी आंबट घाला, ते मुरू द्या, चव बघा आणि मगच मीठ घाला. आमसुलांना बऱ्याचदा वाळवताना मीठ लावलेलं असतं आणि आगळ, म्हणजे कोकमाचा रस, तर खारटच असतं. ते लक्षात न घेता नेहमीच्या मापाने मीठ टाकलं की सार खारट होतं आणि दोष आमसुलाला जातो.

आता फोडणी. कमी तेलाची फोडणी बिघडते ती बहुतेक वेळा भांड्यामुळे. रुंद कढईत दोन छोटे चमचे तेल पातळ पसरतं, मोहरी निम्मी कोरडी राहते, तळ तापून जिरं जळतं. मग तेल कमी पडलं असं वाटून आणखी ओतलं जातं. त्याऐवजी फोडणीची लहान, खोल पळी घ्या. तिच्यात दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिली तेल चौघांच्या वरणाला पुरतं, कारण मोहरी तेलात बुडालेली राहते. मसाल्यांचा बराचसा वास तेलात उतरतो, पाण्यात तितका नाही. म्हणून तेल अजिबात काढून टाकू नका. जे आहे ते फोडणीवर खर्च करा, भाजी परतण्यावर नको.

तेल तापलं का हे मोहरीचे दोन दाणे टाकून पाहा. लगेच तडतडले तरच बाकीची मोहरी घाला. गार तेलात पडलेली मोहरी फुटत नाही आणि दाताखाली कडवट लागते. तडतड ओसरली की जिरं, मग हिंग. कढीपत्ता पुसून कोरडा केलेला हवा, नाहीतर तेल उडतं. आता गॅस बंद करा आणि मगच हळद, शेवटी तिखट घाला. तिखट गरम तेलात काही क्षणांत काळं पडतं आणि एकदा जळलं की वाचवता येत नाही. अशा वेळी ती फोडणी टाकून द्या. १० मिली तेल गेलं तर चालेल, पातेलंभर वरण कडू करू नका. मेथीदाणे घालत असाल तर ते बदामी रंगावरच थांबवा.

हीच फोडणी सुरुवातीला न करता शेवटी वरून ओतली आणि लगेच झाकण ठेवलं तर वास वरच राहतो, ताटात वाढताना आधी नाकाला लागतो. मिठाचंही तसंच. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घाला. पाणी सुटत नाही आणि पृष्ठभागावरचं मीठ थेट जिभेला लागतं, त्यामुळे कमी पुरतं.

चौघांच्या आमटीचं माप असं. पाऊण वाटी तुरीची डाळ हळद घालून मऊ शिजवून घोटा. त्यात तीन वाट्या गरम पाणी, ३-४ आमसुलं, लिंबाच्या अर्ध्या फोडीएवढा गूळ आणि दीड छोटा चमचा गोडा मसाला घालून पाच-सात मिनिटं उकळा. मग चव बघून पाऊण छोटा चमचा मीठ, म्हणजे साधारण ४ ग्रॅम, माणशी १ ग्रॅम. वरून वर सांगितलेली फोडणी, दोन चमचे ओलं खोबरं आणि मूठभर कोथिंबीर. आज तुमच्याकडे सव्वा चमचा पडत असेल तर एकदम पाऊणवर येऊ नका. दर आठवड्याला चिमूटभर कमी करा, जीभ हळूहळू सरावते. यासाठी चिमटीऐवजी मोजायचा चमचा लागेल, कारण चिमूट रोज वेगळी असते. भातात आणि पोळीच्या कणकेत मीठ बंद केलं तर बहुतेक घरांत कुणाच्या लक्षातही येत नाही, सुरुवात तिथूनच करा.

भाजीला तेल कमी करायचं तर आपली जुनी झाकणावर पाणी ठेवायची पद्धत उत्तम आहे. एक मोठा चमचा तेलात फोडणी, भाजी घालून एकदा परता, खोलगट झाकण ठेवून त्यात अर्धी वाटी पाणी घाला आणि मंद आच ठेवा. भाजी स्वतःच्या वाफेत शिजते, खाली लागत नाही. कोरडा मसाला थेट टाकू नका. दोन चमचे पाण्यात किंवा दह्यात कालवून घाला, म्हणजे कमी तेलात तो करपत नाही.

मासळीत मीठ दोनदा पडतं, एकदा लावून ठेवताना आणि एकदा कालवणात. लावलेलं मीठ हिशोबात धरा. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कालवणाला तिरफळं लागतात, ती इथे मोठं काम करतात. सहा-आठ तिरफळं घ्या, आतलं काळं बी काढून टाका, सालं जराशी ठेचा आणि शेवटच्या पाच मिनिटांत घाला. जिभेला येणारी ती बारीक झिणझिणी मिठाची उणीव जाणवू देत नाही.

मसाला ताजा आहे का हे कळायला चिमूटभर तळहातावर चोळून वास घ्या. चोळूनही वास यायला वेळ लागत असेल तर तो गेला. दळलेला मसाला तीन-चार महिन्यांचाच करा, बाकी अख्खा ठेवा. डबा गॅसच्या वरच्या फळीवर नको, तिथे वाफ आणि उष्णता दोन्ही लागतात. बुरशीचा वास येणारी मिरची उन्हात वाळवून वापरू नका, फेकून द्या. गोड्या मसाल्याचं लहान माप: धणे १०० ग्रॅम, तीळ आणि सुकं खोबरं २५-२५ ग्रॅम, जिरं १५ ग्रॅम, दालचिनी, दगडफूल, शहाजिरं ५-५ ग्रॅम, लवंग ३ ग्रॅम, चार-पाच तमालपत्रं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा. एकत्र भाजले तर धण्यांना वास सुटेपर्यंत तीळ जळतात. पूर्ण गार झाल्यावरच दळा, नाहीतर खोबऱ्याचं तेल सुटून गोळा होतो.

लोणच्याच्या फोडीऐवजी ताटात कढीपत्त्याची कोरडी चटणी ठेवता येते. दोन वाट्या पानं धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर कुरकुरीत करा. अर्धी वाटी जवस तडतडेपर्यंत आणि दोन चमचे तीळ भाजा, आठ लसूणपाकळ्या आणि चार सुक्या मिरच्या कोरड्याच परता. एक चमचा आमचूर, अर्धा छोटा चमचा मीठ घालून भरड वाटा. नाहीतर कढीपत्ता ताटाच्या कडेलाच जातो, इथे तो पोटात जातो. जवसाचं तेल लवकर खवट होतं, म्हणून चटणी फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. कोथिंबिरीचे कोवळे देठ फेकू नका, वाटणात घाला. पानं मात्र गॅस बंद केल्यावरच.

काही गोष्टींत फसगत होते. सैंधव आणि काळं मीठ हेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहे, ‘उपासाचं’ म्हणून जास्त चालत नाही. चाट मसाल्यात मीठ असतं, कांदा-लसूण मसाल्यातही. तयार मसाल्याच्या पाकिटावर घटकांच्या यादीत मीठ कितवं आहे ते वाचा, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियम असतं. आणि कमी सोडियमचं म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराईड असतं. घरात कुणाला किडनीचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

हळद, दालचिनी, मेथी यांना औषध समजून गोळ्या सोडू नका. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिच्यातला औषधी मानला जाणारा घटक, असतं ते वजनाच्या दोन ते पाच टक्के, आणि आमटीत हळद पाव चमचा. ही हळद औषध म्हणून पुरेशी नाही, चवीसाठी आणि रंगासाठी आहे. फायदा होतो तो तिच्यासोबत पातेल्यात न पडलेल्या त्या अर्ध्या चमचा मिठाचा.