त्या शनिवारचे अठरा आटे

महिना होत आला तरी तो शनिवार डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय. मी ठाण्यात पाणीखात्यात चावीवाला आहे, म्हणजे ठरल्या वेळी व्हॉल्व्ह उघडून-बंद करून भागाभागाला पाणी सोडणारा. वॉर्ड सांगत नाही, खाडीच्या पलीकडे डोंगराला लागून आहे एवढं पुरे.

शुक्रवारचा पाण्याचा शटडाऊन सगळ्यांना माहितीय, गुरुवारी रात्री १२ ते शुक्रवारी रात्री १२. लोकांचा हिशोब चोवीस तासांचा असतो, मग शनिवारी सकाळी नळ कोरडा दिसला की पहिली शिवी आम्हाला. पण चोवीस तासात लाईन रिकामी झालेली असते आणि आत हवा भरलेली असते. तिला घाईघाईत पाणी सोडलं की हवा कोंडते, धक्का बसतो आणि कुठलातरी जुना जॉईंट सुटतो, मग अजून दोन दिवस बोंब. म्हणून लाईन हळूहळू चार्ज करायची, म्हणजे भरायची. व्हॉल्व्हचे दोन आटे, म्हणजे चावीचे दोन पूर्ण फेरे, फिरवायचे, थांबायचं, एअर व्हॉल्व्हजवळ कान द्यायचा, फुसफुस थांबून पाण्याची पिचकारी आली की पुढचे दोन. हे मला एका जुन्या चावीवाल्या दादांनी शिकवलं, आता रिटायर झालेत. लोखंडी सळई पाईपवर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे आणि अंधारात सांगायचे की पाणी कुठवर आलंय. आता खात्यात टॅब आले, अ‍ॅप आलं, पण ती सळई मी अजून चावीसोबतच ठेवतो.

तर त्या रात्री तीनच्या सुमाराला मी चेंबरपाशी हवा निघायची वाट बघत बसलो होतो. हे पाणी एमआयडीसीच्या बारवी धरणाचं. बारवी नदीतून उल्हासमध्ये येतं, जांभूळला उचलतात, शुद्ध करतात आणि कटाईवरून इकडे येतं. आमचं गाव त्याच धरणाखाली गेलंय, मुरबाड तालुक्यात. धरणाची उंची वाढवून ७२.६० मीटर केली आणि २०१९ च्या पावसात ते पहिल्यांदा वरपर्यंत भरलं, साठा २३४ वरून ३४० दशलक्ष घनमीटरवर गेला. घराच्या बदल्यात घरटी एक नोकरी होती, ती मला मिळाली. आईने अजून इथलं पाणी पिताना एकदाही काही म्हटलेलं नाही, मीही विचारलं नाही. ऑफिसात कोणी म्हणालं की ठाण्याला स्वतःचं धरण पाहिजे, नवी मुंबईने बघा मोरबे धरण विकत घेतलं, आपण मात्र भातसा धरण, स्टेम ही पाणी देणारी कंपनी, एमआयडीसी, मुंबई पालिका अशी चार दारं वाजवतो, काळू आणि शाई ही दोन धरणं रखडली, तर ते मला पटतं. पण काळूचं काम २०१२ साली हायकोर्टाने थांबवलं तेव्हा तिकडच्या आमच्या पाहुण्यांकडे पोरंसोरं नाचली होती तेही मला आठवतं. दोन्ही खरं आहे, काय करू.

आता चेंबरचं सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. मेन लाईनला तिथे दोन फाटे फुटतात. डावीकडे खाली मोठ्या सोसायट्या, त्यांच्या जमिनीखाली लाखालाखाच्या टाक्या. उजवीकडे वर डोंगरावरच्या चाळी, तिथे घरापुढे निळे ड्रम आणि हंडे. पाण्याला दहा मीटर वर चढायला साधारण एक किलो प्रेशर लागतं, चाळी आहेत तीस मीटरवर, म्हणजे काटा तीनच्या वर पाहिजे तेव्हा कुठे शेवटच्या नळाला धार. खालच्या टाक्या मात्र नुसत्या खड्ड्यासारख्या, मिळेल तेवढं गिळतात. म्हणून चाळींची वेळ पहाटे ४.३० ते ५.१५ असते, तेव्हा मी डावा व्हॉल्व्ह दाबून पाच आट्यांवर ठेवतो, मग प्रेशर साठतं आणि पाणी डोंगर चढतं. डावा पूर्ण खोलला तर बावीस-तेवीस आटे. बाहेरच्याला वाटेल अर्धा बंद केला की पाणी अर्धं होतं. तसं नाही होत, बारावर आणला तरी जवळपास तेवढंच वाहतं. खरा खेळ शेवटच्या सात-आठ आट्यांचा असतो. पाचाचे आठ केले तरी वरचा नळ मरतो.

चारला फोन आला, साहेबांचा. अमुक सोसायटीच्या टाक्या तळाला गेल्यात, तक्रार पार वरपर्यंत गेलीय, स्थानिक नेत्याचा माणूस गेटवर उभा आहे, "तू जरा अ‍ॅडजस्ट कर." मी म्हटलं साहेब, चाळींची वेळ आहे. ते म्हणाले, "अरे बघून घे ना." एवढंच. डावा खोल असं ते बोललेच नाहीत, कधीच बोलत नाहीत, आणि मला याचाच सगळ्यात राग येतो, कारण उद्या कोणी विचारलं तर व्हॉल्व्हवर हात माझा होता.

सोसायटीवाले खोटं बोलत नव्हते हेही सांगतो. मी आधी जाऊन झाकण उघडून बॅटरी मारली होती, टाकीत खरंच गाळ दिसत होता. तीनशे फ्लॅट, तिथेही म्हातारी माणसं, बाळं आहेत. मी अठरा आटे फिरवले. मनात म्हटलं वीस मिनिटं देतो आणि परत पाचवर आणतो. पण आधीच प्रेशर कमी, लाईन नीट भरलेली नाही, वीस मिनिटांनी दाबून पण काटा दीडच्या वर गेलाच नाही. ५.१५ ला पुढच्या झोनला सोडायचंच होतं, तिथेही माणसंच राहतात.

साडेपाचला वरून बायका उतरल्या. आरडाओरडा झाला, त्याची सवय आहे. त्यात एक मावशी, ७२ च्या दुष्काळात लहानपणी आईबापाबरोबर जालन्याकडून आलेल्या, त्या ओरडल्या नाहीत. चेंबरच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "लेकरा, रोज पाच ठेवतोस तू. आज कामून अठरा फिरवले?"

मी गप्पच झालो. त्या रोज पहाटे ड्रमपाशी बसून वरून माझ्या बॅटरीच्या उजेडात माझे हात मोजत होत्या. तीन वर्षं. रात्री शांततेत चावी कुरकुरते ती वरपर्यंत ऐकू येते म्हणे. इंजिनीयरला माहीत नसलेली गोष्ट त्यांना पाठ होती, की डावीकडे किती फिरलं की आपला हंडा रिकामा.

मी म्हटलं टँकर सांगतो. त्या म्हणाल्या, तो पायऱ्या चढून येणार का? खालच्यांना एक फोन केला की टँकर गेटात उभा राहतो, त्यांना तो पर्याय तरी आहे, आणि पाच आट्यांची सोय नेमकी ज्यांना टँकरही पोचत नाही त्यांच्यासाठीच होती. हे मला चार वाजता कळायला हवं होतं. कळतही होतं खरं तर.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या वहीत काय लिहितोस ते दाखव. सोबत नात होती, नववीतली. तिने रजिस्टर वाचून दाखवलं, "उघडला ४.३०, बंद ५.१५, पुरवठा सुरळीत." ती ओळ मी सवयीने आधीच लिहून ठेवली होती. रजिस्टरात उघडल्याची वेळ आहे, बंद केल्याची वेळ आहे, सही आहे. आट्यांचा रकानाच नाही. माणशी १३५ लिटरचं गणित होतं, धरणाच्या टक्क्यांच्या बातम्या येतात, कोर्टात किती एमएलडी (रोजचे दशलक्ष लिटर) मंजूर त्यावर भांडणं होतात, आणि शेवटी पाणी कोणाला मिळालं ते ज्या आकड्यावर ठरतं तो कुठेच लिहिलेला नसतो. वेळ बघाल तर चाळींना पंचेचाळीस मिनिटं मिळालेली आहेत.

रविवारी मी चाळींना वीस मिनिटं जास्त दिली, ती पुढच्या झोनमधून काढून. तिथल्या लोकांनी वेगळा फोन केला असेल.

त्याच शनिवारी, मावशी आणि ती पोरगी तिथेच उभ्या असताना, मी "सुरळीत" वर काट मारली आणि शेऱ्यात लिहिलं, डावा व्हॉल्व्ह ४.१० ते ४.३०, अठरा आटे, तोंडी सूचनेवरून, डोंगर भागात पाणी नाही. तेव्हापासून रोज आटे लिहितोय. साहेब म्हणाले रजिस्टरात नसते प्रकार करू नको. बाकी पानांवर त्यांच्या सह्या आहेत, त्या पानावर अजून नाही.