पन्हळीपासून सुरुवात

"मॅडम, क्रिस्टल पॅलेस शिकवताना तुम्ही नेहमी पन्हळीपासूनच का सुरू करता?" दरवर्षी कुणीतरी विचारतंच. बरोबर आहे. क्रिस्टल पॅलेस म्हणजे लंडनच्या 1851च्या प्रदर्शनासाठी उभारलेली लोखंड आणि काचेची प्रचंड इमारत. ते प्रदर्शन म्हटलं की राणी व्हिक्टोरिया, साठ लाख प्रेक्षक, लखलखती काच डोळ्यांपुढे येते. मी मात्र फळ्यावर एका लाकडी पन्हळीचा छेद काढते.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी कोकणात वाढले. काचेचं छप्पर म्हटलं की माझ्या मनात आधी येतं, पाणी कुठे जातं? पावसाचं तर आहेच, पण आत हजारो माणसं श्वास सोडणार, त्या वाफेचे थंड काचेवर थेंब होणार आणि ते लोकांच्या डोक्यावर टपकणार.

या इमारतीचा आराखडा करणारा जोसेफ पॅक्स्टन हा इंग्लंडातल्या चॅट्सवर्थच्या बागेचा मुख्य माळी. काचघरांत झाडं जगवताना त्याने हे थेंब वर्षानुवर्षं पाहिले होते. म्हणून त्याच्या पन्हळीला तीन खाचा: मधली रुंद, पावसासाठी, दोन्ही कडांच्या बारीक, आतल्या ओलीसाठी. 24 फुटांची ही पन्हळ खालून लोखंडी सळईने ताणून मध्यावर किंचित उचललेली, म्हणजे पाणी आपसूक दोन्ही टोकांकडे धावतं. तिथून मोठ्या पन्हळीत, आणि पुढे बिडाच्या पोकळ खांबांतून थेट जमिनीखाली. छप्पर पेलणारा खांबच त्याचं पाणी उतरवतो! काच बसवणाऱ्यांच्या चाकाच्या गाड्याही याच पन्हळींवरून सरकत गेल्या.

खांबांतलं अंतरही 24 फूट, आणि सगळा आराखडा त्याच मापाच्या पटीत. त्यामुळे एकसारखे भाग कारखान्यांतून येत राहिले. पहिला खांब सप्टेंबर 1850मध्ये उभा राहिला आणि 1 मे 1851ला उद्घाटन झालं. प्रदर्शन संपल्यावर इमारत सुटी करून दक्षिण लंडनमधल्या सिडनहॅमला नेली, आणखी मोठी करून उभारली. 1936मध्ये ती जळाली.

आजच्या काचेच्या मनोऱ्यांना तिचे वारस म्हणतात, ते मला पटत नाही. तिचा खरा वारसा सुटे भाग करून कुठेही नेता येण्यात आहे. क्रिस्टल पॅलेसच्या कामावर असलेल्या रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने पुढे मुंबईच्या वॉटसन हॉटेलचा आराखडा केला. लोखंडी सांगाडा इंग्लंडात घडवून बोटीने आला आणि 1860च्या दशकात काळा घोड्याला उभा राहिला. 1896मध्ये ल्युमिएर बंधूंची चलचित्रं मुंबईने पहिल्यांदा पाहिली ती तिथेच.

दर जूनमध्ये मी मुलांना तिथे नेते. गेल्या वर्षी एका मुलीने मान वर केली आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, "मॅडम, पाणी कुठून उतरतं?" आभाळ भरून आलं होतं. आम्ही सगळे पाऊस येईपर्यंत समोरच्या फुटपाथवर थांबलो.