पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक आणि भाराचे गणित

"पुढचा ब्रेक दाबू नकोस, पलटी खाशील," ही ताकीद मोटारसायकल शिकणाऱ्या प्रत्येकाला आमच्या खानदेशात आजही मिळते. शंभर वर्षांपूर्वी मोटारींचे रचनाकारही याच भीतीपोटी पुढची चाके मोकळी ठेवत. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये (१९०८–१९२७) पायाचा ब्रेक गिअरपेटीत लागे आणि हाताचा दांडा फक्त मागच्या चाकांवर चाले.

भीती निराधार नव्हती, पण हिशेब अपुरा होता. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे सरकतो. १००० किलोची मोटार घ्या. दोन्ही आसांवर सारखा भार, आसांमधले अंतर २.५ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७५ मीटर. बऱ्यापैकी कोरड्या रस्त्यावर (घर्षणांक, म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीचे माप, ०.६) चारही चाकांनी पूर्ण जोर लावला, तर पुढे ६८० आणि मागे ३२० किलो भार येतो. म्हणजे ज्या चाकांची पकड घटत जाते, नेमक्या त्यांच्यावरच सारी भिस्त होती! ताशी ५० किलोमीटर वेगावरून ही गाडी केवळ मागच्या ब्रेकने सुमारे ३९ मीटरमध्ये थांबेल, चारही चाकांच्या योग्य वाटणीने १६ मीटरमध्ये. कन्नडचा घाट चाळीसगावकडे उतरताना तर उतारामुळेच भार आधी पुढे झुकलेला असतो.

पुढची चाके जाम झाली तर गाडी वळत नाही, सरळ घसरते. मागची आधी जाम झाली तर ती गिरकी घेते, आणि ते अधिक घातक. म्हणून पुढे जास्त, मागे कमी, हे तत्त्व ठरले. मात्र ते लोखंडात उतरवणे फार अवघड होते. स्टिअरिंग फिरवल्यावर पुढचे चाक वळते, तेव्हा ब्रेकची सळई ताणली वा सैल पडता कामा नये. फ्रेंच अभियंता हेन्री पेरो यांनी चाकाच्या वळणाच्या अक्षावर सांधा असलेला दांडा वापरून हे साधले. ही उकल मला त्या काळातील सर्वांत देखणी वाटते. १९१४ च्या फ्रेंच ग्राँ प्री या मोटार शर्यतीत प्यूजो आणि डेलाज चार चाकांच्या ब्रेकसह उतरल्या, तरी जिंकली ती मागेच ब्रेक असलेली मर्सिडीज, त्यामुळे जुन्या मताला काही काळ बळ मिळाले असल्यास नवल नाही. १९१९ मध्ये चारही चाकांच्या ब्रेकसह हिस्पानो-सुइझा कंपनीने, १९२१ मध्ये द्रवदाबाच्या ब्रेकसह ड्यूसेनबर्ग कंपनीने चित्र बदलले. द्रवाचा दाब सर्वत्र सारखा असल्याने वाटणी चाकांवरील सिलिंडरांच्या व्यासावरून ठरवता येऊ लागली.

तरीही ठरीव प्रमाण एकाच परिस्थितीला चपखल बसते. रावेरहून केळी भरून निघालेल्या गाडीची मागची चाके भाराने दबलेली असतात, परतताना तीच हलकी होतात. म्हणून अनेक मालवाहू गाड्यांत चासी (गाडीचा सांगाडा) आणि मागचा आस यांतले अंतर मोजून मागचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. जास्त माल भरता यावा म्हणून स्प्रिंगचे जादा पाटे टाकून घेणाऱ्यांनी तो पुन्हा जुळवून घ्यायलाच हवा, कारण कडक पाटे कमी दबतात आणि भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामीच भासते.