सोडिअम काही दानशूर नाही

आषाढातल्या दुपारी मिठाची डबी पानावर उपडी केली की काहीही पडत नाही. भोकं बुजलेली असतात. मग डबी तळहातावर आपटायची, काडीने भोकं टोकरायची, शेवटी झाकण काढून चमच्याने खरवडायचं. तोवर वरण निवतं. आत कुणीतरी तांदळाचे दाणे टाकून ठेवलेले असतात, तेही दमट. दाणे पाणी किती शोषतात देव जाणे. डबी हलवताना ढेकळं फोडतात एवढा उपयोग मात्र नक्की.

हे पाणी हवेतलं. शुद्ध मीठ सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय हवेतलं पाणी ओढून विरघळत नाही. कोकणपट्टीत पावसाळाभर हवा त्याहून ओली, म्हणून पिशवीतलं बारीक मीठही तेव्हा चिकटतं. खडेमिठाला एवढीही वाट पाहावी लागत नाही. त्यात मॅग्नेशिअम क्लोराइडचा अंश राहिलेला असतो आणि त्याला ३३ टक्के आर्द्रता पुरते. आपल्याकडे बहुतेक दिवस तेवढी असतेच.

हा अंश मिठागरात किती राहू दिला त्यावर सगळं असतं. उरण-पेणकडे भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घेऊन एकातून दुसऱ्यात सोडत आटवत नेतात. आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं. पाण्याचा दाटपणा मोजणाऱ्या बोमे मापकावर २५ अंश दिसले की मीठ पडायला लागतं. ३०च्या आसपास पोचलं की उरलेलं कडू पाणी काढून टाकायचं, कारण मॅग्नेशिअम सगळ्यात शेवटपर्यंत पाण्यात दडून बसलेलं असतं. तिथे आळस केला, अजून थोडं मीठ मिळेल म्हणून पाणी ठेवलं, की ते मिठाच्या अंगावर बसतं. मग ढीग पाझरत राहतो आणि चव कडवट येते.

सोडिअम आधी का बसतं आणि मॅग्नेशिअम पाण्याला का सोडत नाही, याचं उत्तर शाळेत फळ्यावर आपण सगळ्यांनी पाहिलेल्या एका चित्रात असायला हवं होतं. ते नसतं. डावीकडे सोडिअम: २, ८, १. उजवीकडे क्लोरीन: २, ८, ७. मधे एक वाकडा बाण. सोडिअमने शेवटच्या कवचातला एकुलता एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकला, दोघांची अष्टकं, म्हणजे शेवटच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण झाली, दोघं सुखी झाले. चित्र सोपं आहे, परीक्षेत तीन गुण मिळवून देतं, आणि त्यातल्या दानशूर सोडिअमचा मला मनस्वी राग आहे.

कारण सोडिअम काहीही फुकट देत नाही. वायुरूप सोडिअमच्या अणूंपासून तो एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला मोलमागे, म्हणजे २३ ग्रॅम सोडिअममागे, ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात. क्लोरीन तो स्वीकारतो तेव्हा ३४९ परत मिळतात. १४७ची खोट. म्हणजे फळ्यावरचा तो बाण हा तोट्यातला व्यवहार आहे, आणि नेमक्या त्याच पायरीवर ‘बंध तयार झाला’ म्हणून फळा पुसला जातो.

जमाखर्च पुरता मांडायचा तर खोट याहून मोठी आहे. बरणीतलं सोडिअम वायू नसतं. घट्ट धातूचा तुकडा असतो, रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला, सुरीने कापता येणारा. कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी चमकते आणि बघता बघता मळते. त्याचे अणू सुटे करायला १०८. क्लोरीन जोडीने राहतो, ती जोडी फोडून एक अणू मिळवायला १२२. त्यात ते ४९६ मिळवायचे आणि क्लोरीनचे ३४९ वजा करायचे. उरतात ३७७ किलोज्यूल, सगळे आपल्या अंगावर. इथवर मीठ होण्याचं कारणच नाही.

तरीही तापवून वितळलेलं सोडिअम क्लोरीनच्या बरणीत सोडलं की डोळे दिपवणारा पिवळा उजेड पडतो आणि काचेवर पांढरी पूड बसते. २३ ग्रॅम सोडिअम आणि साडेपस्तीस ग्रॅम क्लोरीनपासून साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ होताना ४११ किलोज्यूल बाहेर पडतात. तेवढ्यात सुमारे सव्वा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जातं. ही कमाई होते शेवटच्या पायरीवर: इलेक्ट्रॉन गमावलेले सुटे धन आयन आणि तो मिळवलेले सुटे ऋण आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा. तिथे ७८७ मिळतात. ३७७ची खोट भरून निघते आणि वर चारशेहून जास्त शिल्लक राहते. माक्स बॉर्न आणि फ्रिट्स हाबर यांनी १९१९ मध्ये हा हिशेब मांडायची रीत घालून दिली. आजही विद्यार्थी तो चुकवतात तो दोनच ठिकाणी: क्लोरीनची पूर्ण जोडी फोडल्याचे २४४ धरतात, किंवा ३४९चं चिन्ह उलटं लावतात.

आता या ७८७ची गंमत. एकच सोडिअम आणि एकच क्लोराइड आयन घेतले, स्फटिकात असतात तितक्या अंतरावर, म्हणजे २८२ पिकोमीटरवर ठेवले, तर त्यांच्या आकर्षणातून सुमारे ४९३ किलोज्यूल मिळतात. बाकीचे येतात शेजाऱ्यांकडून. मिठात प्रत्येक सोडिअमला सहा क्लोराइड चिकटून असतात: वर, खाली, चार बाजूंना. त्यांच्या पलीकडे बारा सोडिअम, हे ढकलणारे. मग आठ क्लोराइड, पुन्हा ओढणारे. मग सहा सोडिअम. सगळ्यात जवळच्या शेजाऱ्याचं अंतर १ धरून प्रत्येक थराची ओढ किंवा ढकल अंतराने भागून बेरीज करत गेलं की पहिल्या थराला ६ येतात, दुसऱ्यानंतर उणे २.४९, तिसऱ्यानंतर २.१३, चौथ्यानंतर उणे ०.८७. पाचव्या थरात चोवीस क्लोराइड आहेत, आकडा एकदम पावणेदहाच्या पुढे. असे गोल गोल थर घेत बसलात तर ही बेरीज कधीच स्थिरावत नाही. गोलांऐवजी मोठे होत जाणारे घन घेतले तर निमूटपणे १.७४७६ वर येऊन बसते. एर्विन माडेलुंगने हा आकडा १९१८ मध्ये काढला. एका जोडीपेक्षा पाऊणपट जास्त, ही सगळ्या गर्दीची मिळून कमाई. त्यातला थोडा भाग आयनांचे इलेक्ट्रॉन ढग एकमेकांवर रेलू देत नाहीत त्यात जातो. तोही गेल्यावर ७८७.

म्हणून मला तो बाण खुपतो. मिठात जोडी नाहीच. कोणता सोडिअम कोणत्या क्लोरीनचा, या प्रश्नाला अर्थ नाही. डबीतला एक कण भिंगाखाली धरा: चौकोनी, कडा सरळ, कोपरे थोडे झिजलेले. बाजू असेल तीन दशांश मिलिमीटरची. त्या एका कडेवर दहा लाखांहून जास्त आयन एकाआड एक ओळीने उभे आहेत. हा कण म्हणजे एकच अखंड रचना आहे, तिच्यात ‘मिठाचा रेणू’ कुठेही सापडत नाही.

हे पचायला जड गेलेले लोक थोडेथोडके नव्हते. तेविशीतल्या लॉरेन्स ब्रॅगने १९१३ मध्ये क्ष-किरणांनी मिठाची ही रचना दाखवली. त्यानंतर चौदा वर्षांनी, १९२७ मध्ये, हेन्री आर्मस्ट्राँग या ऐंशीला टेकलेल्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने ‘नेचर’मध्ये संतापून पत्र लिहिलं. शीर्षक होतं, ‘बिचारं साधं मीठ!’ बुद्धिबळाच्या पटासारखी मांडलेली ही कसली रचना, रेणू नाही म्हणजे काय, हे रसायनशास्त्रातलं क्रिकेट नव्हे, म्हणजे खेळाच्या रीतीला धरून नव्हे, असा त्याचा सूर. म्हातारा चुकला होता, पण त्याचा वैताग प्रामाणिक होता. आपण मात्र त्याच्यानंतर शंभर वर्षांनी तीच जोडी फळ्यावर काढतो आणि वैतागतही नाही.

सोडिअम दुसरा इलेक्ट्रॉन का देत नाही, हेही याच हिशेबात आहे. ‘अष्टक मोडेल म्हणून’ हे उत्तर गुण मिळवायला ठीक. खरी अडचण किमतीची: दुसऱ्याला ४,५६२ किलोज्यूल पडतात, आणि कितीही घट्ट स्फटिक रचला तरी तेवढे वसूल होत नाहीत. मॅग्नेशिअमचं तसं नाही. त्याचे दोन इलेक्ट्रॉन काढायला ७३८ आणि १,४५१, पण त्याच्या क्लोराइडचा स्फटिक अडीच हजारांच्या वर परत देतो, म्हणून दोन्ही निघतात. ऑक्सिजनची तऱ्हा तर आणखी वेगळी. पहिला इलेक्ट्रॉन तो खुशीने घेतो, दुसरा त्याच्यावर लादावा लागतो. निर्वात पोकळीत एकटा सोडला तर दोन ऋण प्रभारांचा ऑक्साइड आयन तो दुसरा इलेक्ट्रॉन टाकून देतो. तो टिकतो तो फक्त स्फटिकात, धन शेजाऱ्यांच्या वेढ्यात. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोन्हीकडे दुप्पट प्रभार, आयन लहान, अंतर कमी. स्फटिकाची कमाई ३,८०० किलोज्यूलच्या घरात. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, हा गडी २,८००च्या पुढे. पोलादाच्या भट्टीला आतून याच्या विटा लावतात.

‘धातू अधिक अधातू म्हणजे आयनिक’, म्हणजे आयनांच्या ओढीवर उभा असलेला बंध, हे सूत्रही जपून वापरावं. ॲल्युमिनिअम क्लोराइड १८० अंशांच्या आसपास सरळ वाफ होऊन उडून जातं. तीन धन प्रभारांचा चिमुकला ॲल्युमिनिअम शेजारच्या ऐसपैस क्लोराइडचा इलेक्ट्रॉन ढग स्वतःकडे इतका ओढतो की देणंघेणं राहतं बाजूला आणि वाटून घेणं सुरू होतं. शंभर टक्के आयनिक असा बंध कुठेच नाही. मीठ त्यातल्या त्यात बरंच जवळ जातं.

खडेमीठ खलबत्त्यात घातलं की त्याची आणखी एक खोड दिसते. ते गुळासारखं दबत नाही, तुटतं. आणि मोठा खडा असेल तर सपाट पृष्ठभाग मागे ठेवून तुटतो. घाव बसला की आयनांचा एक थर शेजारच्या थरावर एक घर सरकतो. एवढ्यानेच सोडिअमसमोर सोडिअम येतो, क्लोराइडसमोर क्लोराइड, आणि जे ओढत होते तेच ढकलायला लागतात. बत्त्याने फक्त सरकवायचं काम केलेलं असतं.

पाण्यात मात्र हाच ८०१ अंशांचा गडी खळखळ न करता विरघळतो. पाण्याचे रेणू प्रत्येक आयनाभोवती गराडा घालतात, सोडिअमकडे ऑक्सिजनची बाजू, क्लोराइडकडे हायड्रोजनची. त्या गराड्यातून मिळतात ७८३च्या आसपास. स्फटिक मोडायला लागतात ७८७. फरक जेमतेम चारचा, आणि तोही खर्चाच्या बाजूला. म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित गार होतं. या चारमुळेच गरम पाण्याने फारसा फायदा होत नाही: २५ अंशांना १०० मिलिलिटरमध्ये ३६ ग्रॅम मीठ मावतं, उकळत्या पाण्यात ३९. कैऱ्यांसाठी मीठपाणी उकळावं ते जंतू मारायला आणि मीठ लवकर विरघळायला. जास्त मावेल म्हणून नव्हे. आणि मॅग्नेशिअम पाण्याला का सोडत नाही तेही इथेच: सोडिअम पाण्याच्या गराड्यातून ४०० मिळवतो, तर दोन प्रभारांचा, आकाराने लहान मॅग्नेशिअम १,९००. सहा पाणी तर तो स्फटिकातसुद्धा बरोबर घेऊन बसतो.

एकदा विरघळलं की सोडिअम आणि क्लोराइड आपापल्या वाटेने जायला मोकळे. आतड्याच्या आतल्या अस्तरात एक प्रथिन असतं, ते दोन सोडिअम आयन आणि एक ग्लुकोज असा एकत्रच माल आत घेतं. एकट्यादुकट्याला दार उघडत नाही. मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यात बाकीच्या वाटा बिघडल्या तरी ही वाट चालू राहते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, सलाइनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून पिंपांतून वाटलं. नातेवाइकांनी ते रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं.

जुलाबात द्यायच्या या मीठ-साखरेचं तयार पाकीट (ओआरएस) मिळालं तर पाकीटच वापरावं. नसेल आणि घरी करायची वेळ आली तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, साखर सहा चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचा चहाचा, आणि बोटाने सपाट केलेला. मीठ अंदाजाने घालू नये. कमी पडलं तर पाणी आत ओढलं जात नाही. जास्त पडलं तर लहान मुलाच्या रक्तातलं सोडिअम चढतं आणि झटके येऊ शकतात. ओलं, ढेकळं झालेलं मीठ असेल तर आधी फोडून मोकळं करावं, मग मोजावं.