गळणारी मायट्रल झडप: दोष झडपेचा की हृदयाचा?

धाप लागणाऱ्या रुग्णाच्या इको (हृदयाची सोनोग्राफी) अहवालात ‘मायट्रल झडपेतून’, म्हणजे हृदयाच्या डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेतून, ‘तीव्र गळती’ असे लिहिलेले असले, की निदान झाले असे वाटते. माझ्या मते खरा प्रश्न तिथेच सुरू होतो: झडप बिघडल्यामुळे हृदय थकले आहे, की हृदय आधीच कमजोर होऊन फुगल्यामुळे मूळची चांगली झडप नीट मिटत नाही?

पहिल्या प्रकारात झडपेचे पाते सैल पडून मागे झुकलेले किंवा तिला धरून ठेवणारा तंतू तुटलेला आढळतो. अशा रुग्णाचा ‘पंपिंग ६० टक्के’ (दर ठोक्याला डाव्या खालच्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण) हा आकडा नातेवाइकांना दिलासा देतो आणि नेमका तोच फसवा असतो, कारण प्रत्येक ठोक्यातले बरेच रक्त कमी दाबाच्या वरच्या कप्प्यात मागे जात असल्याने थकलेले हृदयही जोमदार भासते. म्हणूनच त्रास नसतानाही पंपिंग ६० टक्के किंवा त्याखाली आले, अथवा आकुंचनाच्या शेवटी डाव्या खालच्या कप्प्याचा व्यास ४० मिलिमीटर किंवा अधिक झाला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. गळती तीव्र असून धाप लागत असेल, तर या आकड्यांची वाट पाहण्याचे कारणच नाही. शक्य असेल तिथे झडप बदलण्यापेक्षा दुरुस्त करणे श्रेयस्कर.

दुसऱ्या प्रकारात आधी हार्ट फेल्युअरची औषधे पूर्ण मात्रेपर्यंत न्यावीत, ईसीजीमध्ये लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या भागाकडे जाणारा विद्युत संदेश अडणे) असल्यास विशेष पेसमेकरचा विचार करावा आणि मग इको पुन्हा करावा, कारण गळती रक्तदाब व शरीरातील पाण्यानुसार बदलते. झडपेची पाती एकत्र धरणारी, नळीतून बसवली जाणारी क्लिप त्यानंतरची. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, या क्लिपच्या रुग्णांवरील दोन चाचण्यांपैकी मित्रा-एफआरमध्ये क्लिपचा फायदा दिसला नाही, कोऑप्टमध्ये मात्र मृत्यू आणि रुग्णालयात पुन्हा भरती होणे, दोन्ही कमी झाले. कोऑप्टमधले रुग्ण अधिक काटेकोरपणे निवडलेले होते, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

हार्ट अटॅकनंतर काही दिवसांत अचानक फुप्फुसांत पाणी भरलेल्या रुग्णात मात्र स्टेथोस्कोपवर विसंबू नये. झडपेचे तंतू धरणारा पॅपिलरी स्नायू फाटला, तर दोन्ही कप्प्यांतील दाब झपाट्याने समान होतो आणि मर्मर (गळतीचा स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येणारा आवाज) अगदी मंद किंवा नाहीसाही असू शकतो. तिथे इको तातडीने करावा आणि शल्यविशारदाला त्याच वेळी बोलवावे.