‘ब्राउनिंग’ म्हणून आणलेलं पिस्तूल

विकणाऱ्याने सांगितलं ब्राउनिंग, कागदावर लिहिलं होतं ब्राउनिंग, आणि खरं सांगायचं तर मलाही ते ब्राउनिंगच असायला हवं होतं. तळहातात मावणारं ६.३५ मिलिमीटरचं पिस्तूल, रबराच्या काळ्या ग्रिप, कडांवरून उडालेलं ब्लुइंग, म्हणजे लोखंडावरचा निळसर-काळा थर. माझा हिशेब साधा होता. संग्रहात एक जुना नग येईल आणि कमरेच्या मोठ्या पिस्तुलाला जोड म्हणून, ज्याला सगळे बॅकअप म्हणतात, तोच खिशातही राहील. एका दगडात दोन पक्षी. तो हिशेब मोडायला चार महिने लागले.

पहिला धक्का आठवड्याभरातच बसला. रेंजवर जुनी हत्यारं दुरुस्त करणारे एक वयस्कर आर्मरर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. मी मोठ्या ऐटीत पिस्तूल त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

“सेफ्टी कुठाय?”

“ही काय, ट्रिगरच्या वर.”

“मग हे ब्राउनिंग नाही. एइबारचं आहे.”

जॉन ब्राउनिंग या अमेरिकन हत्यार-रचनाकाराने .२५ एसीपी (.२५ इंच म्हणजेच ६.३५ मिलिमीटर) हे काडतूस आणि ते झाडणारं खिशातलं पिस्तूल अशी जोडीच आखली होती. बेल्जियमच्या एफएन या कंपनीने ती १९०५ च्या सुमारास बाजारात आणली, आणि अमेरिकेत कोल्टने त्याच आराखड्याचं पिस्तूल १९०८ पासून ‘व्हेस्ट पॉकेट’ या नावाने विकलं. माल इतका खपला की स्पेनमधल्या एइबार गावातल्या लहानमोठ्या कारखान्यांनी त्याच्या नकलांचा पूर आणला. काही नकला चांगल्या, काही नुसत्या दिसायला चांगल्या. गोंधळ होतो तो नावामुळे. युरोपात या काडतुसालाच ६.३५ ब्राउनिंग म्हणतात, त्यामुळे पिस्तुलावर ‘ब्राउनिंग’ हा शब्द दिसला तरी तो काडतुसाचा असू शकतो, बनवणाऱ्याचा नव्हे. विकणाऱ्याने मला मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. त्यालाही कोणीतरी तसंच सांगितलं असणार.

मग काकांनी मला बघायचं कसं ते शिकवलं. एफएन आणि कोल्ट या दोन्हींवर अंगठ्याची सेफ्टी, म्हणजे बार अडवणारी कळ, फ्रेमच्या (खालच्या सांगाड्याच्या) मागच्या टोकाला डाव्या बाजूला असते. (एफएनच्या अगदी सुरुवातीच्या नगांवर ती नव्हतीच.) एइबारच्या नकलांवर ती बहुधा मधोमध, ट्रिगरच्या वर येते. दुसरी खूण म्हणजे मुठीच्या पाठीतली दाबपट्टी, ग्रिप सेफ्टी. मूठ घट्ट आवळल्याशिवाय चाप ओढला तरी बार होऊ नये यासाठी ती. माझ्या पिस्तुलाच्या पाठीत नुसतं सपाट लोखंड. तिसरी खूण शिक्क्यांची. खऱ्या एफएनच्या स्लाइडवर (नळीवरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागावर) कंपनीचं लांबलचक फ्रेंच नाव आणि हर्स्टाल हे गाव येतं, शिवाय लिएजच्या चाचणीगृहाचे ठसे असतात. ते चाचणीगृह १६७२ पासूनचं, आणि त्याचा ‘ईएलजी’ हा अंडाकृती ठसा एकदा नीट पाहिला की विसरत नाही. मी भिंग घेऊन तासभर शोधला. मला सापडलं एक भडक व्यापारी नाव आणि ‘कॅल. ६.३५’, बस्स.

सगळ्यात आधी कागद दुरुस्त करून घेतले. हत्याराचं वर्णन एक आणि हत्यार दुसरं, ही स्थिती कुठल्याही देशात अंगाशी येते. यात वेळ गेला, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

खरी मजा, आणि खरी घाबरगुंडी, उघडताना. मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) काढायचं, चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघायचं, करंगळीचं टोक लावून पुन्हा बघायचं. मग स्लाइड ठरावीक जागेपर्यंत मागे धरून नळी फिरवायची. नळीच्या खालचे दात फ्रेममधल्या खाचांतून सुटले की सगळी स्लाइड पुढे सरकून निघते. हे मी वाचलं होतं. स्लाइड निघताना मागची स्ट्रायकरची, म्हणजे काडतुसाच्या बुडावर मारणाऱ्या पिनची, स्प्रिंग मोकळी होते हेही वाचलं होतं, पण ती किती जोरात मोकळी होते हे वाचून कळत नाही. ती माझ्या कानाजवळून गेली आणि दोन दिवसांनी पुस्तकांच्या मागे सापडली. तेव्हापासून मी हे काम मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करतो. दिसायला वेडगळ दिसतं, पण त्यानंतर एकही भाग हरवला नाही.

नळीत बारीक खड्डे होते. काका म्हणाले, जुन्या काडतुसांचे प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी दारू. त्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाल्यावर मागे मीठ राहतं, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि नळी आतून गंजते. ते मीठ तेलाने निघत नाही, पाण्याने निघतं. त्या काळी ज्यांनी गरम पाणी ओतून मग तेल लावलं त्यांच्या नळ्या आजही चकचकीत आहेत. माझ्या नळीच्या आधीच्या मालकाने नुसतं तेल लावलं असावं. बाहेरचा गंज मी मऊ फडकं आणि पातळ तेलाने जेवढा निघाला तेवढाच काढला. नवं ब्लुइंग करून घ्यायचा मोह झाला होता. काकांनी एकच विचारलं, “तुला जुनं पिस्तूल हवंय की नवीन दिसणारं?” संग्राहकाच्या दृष्टीने घासून गुळगुळीत केलेले ठसे म्हणजे नगाची किंमत स्वतःच्या हाताने पुसणं. ज्या चामड्याच्या पाकिटात ते आलं होतं तेही वेगळं ठेवायला सांगितलं, कारण चामडं ओल धरतं.

स्प्रिंगा बदलल्या, दोन्ही, स्ट्रायकरची आणि स्लाइडची. स्ट्रायकरमध्ये जोर आहे का ते बघायला लोक नळीत पेन्सिल टाकून रिकामं पिस्तूल चालवतात. पेन्सिल उडाली की पिन मारतेय. मी पेन्सिल घेतली आणि ती आत जाईचना. साध्या पेन्सिलीची जाडी ७ मिलिमीटरच्या आसपास, आणि नळी ६.३५ ची. शेवटी लाकडाची बारीक काडी घेतली. ती टुणकन उडाली तेव्हा मला लहान मुलासारखा आनंद झाला, हे कबूल करतो.

रेंजवर पहिल्या दिवशी मॅगझिनमध्ये दोनच राउंड. झिजलेल्या जुन्या पिस्तुलात एकदा चाप ओढल्यावर दोन बार होऊ शकतात, म्हणून दोनाच्या वर भरायचे नाहीत, ही काकांची अट. पहिल्या दहांत एक मिसफायर आणि एकदा रिकामं कवच दारातच उभं अडकलं. नंतर मात्र बरं चाललं. पाच मीटरवर सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या. नेम धरायला स्लाइडवर नुसती एक चर होती, त्या मानाने मी खूश होतो. मूठ एवढी आखूड की दोनच बोटं बसतात, तिसरं हवेत.

आता .२५ बद्दल. गोळी सुमारे ३.२ ग्रॅमची, २ इंची नळीतून वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास. एवढ्याशा नळीत .२२ या लहान काडतुसाची ताकदही याच पातळीवर उतरते. मग .२५ कशाला? .२२ चा प्रायमर बुडाच्या कडेत पसरलेला असतो आणि तो कधीमधी फुसका निघतो. .२५ चा प्रायमर बुडाच्या मधोमध, आणि मॅगझिनमधून चेंबरमध्ये जाण्याच्या बाबतीतही हे काडतूस जास्त भरवशाचं. म्हणजे त्या काळी पैसे मोजले जात होते ते ताकदीसाठी नव्हे, भरवशासाठी. बॅकअपचं सगळं काम भरवशावरच चालतं. आणि माझ्या पिस्तुलाचा भरवसा तिथेच संपला.

झालं असं. हे पिस्तूल स्ट्रायकरवर चालतं, हॅमर नाही. स्लाइड ओढली की स्ट्रायकर ताणलेल्या स्प्रिंगसकट मागे अडकतो आणि त्याला अडवून धरतं एक लहानसं आकडं, सिअर. आजच्या बऱ्याच पिस्तुलांत चाप पूर्ण ओढल्याशिवाय पिन पुढे जाऊ न देणारी अडसर असते, तशी यात नाही. खिशात ठेवायचं ठरवण्याआधी काकांनी पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, स्लाइड ओढून ताण दिला, आणि नायलॉनच्या हातोडीने स्लाइडच्या मागे टपली मारली. काही नाही. दुसरी टपली. काही नाही. तिसऱ्या टपलीला आतून ‘टक्’ असा आवाज आला. स्ट्रायकर सुटला होता. चापाला कोणाचा हातही नव्हता.

दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मी ते आदल्याच आठवड्यात घरी पँटच्या खिशात घालून, रिकामंच, आरशासमोर बघितलं होतं, कितपत दिसतं म्हणून.

सिअरला नवी धार लावता आली असती. काका नको म्हणाले. इतक्या जुन्या, नेमकं कसं कडक केलंय हे माहीत नसलेल्या लोखंडाला घासलं तर आज धरेल, उद्याचं सांगता येत नाही. चेंबर रिकामं ठेवून बाळगणं हा एक उपाय होता. पण दुसरं पिस्तूल काढायची वेळ आलीच, तर बहुधा एकच हात मोकळा असणार. एका हाताने ही स्लाइड ओढून बघा.

बॅकअपसाठी शेवटी नवीन घेतलं, .३२ एसीपीचं, फक्त डबल ॲक्शन (चाप ओढतानाच ताण बसून सुटणारं), रिकामं २०० ग्रॅमच्या आत. .३२ हेही ब्राउनिंगचंच काडतूस, .२५ पेक्षा काही वर्षं जुनं, आणि साधारण दुप्पट ऊर्जेचं. त्याची स्वतःची खोड आहे. बुडाला बारीकशी कड असते आणि लांबीने आखूड हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या गोळ्या, भरल्या तर मॅगझिनमध्ये एका काडतुसाची कड दुसरीच्या मागे अडकून सगळं ठप्प होतं. माझं एकदा झालं. काडी घालून उचकटावं लागलं. तेव्हापासून पूर्ण लांबीच्या, टोकापर्यंत धातूचं जॅकेट असलेल्या गोळ्याच भरतो. चाप झाकणारं खिशाचं होल्स्टर, आणि त्या खिशात दुसरं काही नाही, किल्ली नाही, रुमालही नाही. तरी आठवड्याला आतून कापसासारखा धुरळा निघतो, तो फुंकून काढावा लागतो.

एइबारवालं आता तेल लावून, स्ट्रायकरचा ताण उतरवून, कापडात गुंडाळून कपाटात आहे. डब्यावरच्या चिठ्ठीत आधी नाव लिहिलं होतं ते खोडलं. खाली लिहिलं: ६.३५, एइबार, सिअर झिजलेला, झाडू नये. परवा एकाने दुसऱ्या ‘ब्राउनिंग’चे फोटो पाठवले. डावी बाजू, जिथे सेफ्टी दिसते, नेमकी एकाही फोटोत नाही. मागवलीय.